चढत्या बोगद्यात क्राउनला लाल बोल: क्यू किती धरायचा, पुल का मिळत नाही, आणि जंबोच्या लॉगवर विश्वास किती?

फेसमॅपर_घाटमाथा (प्रश्न)

मंडळी, सह्याद्रीतला एक रस्त्याचा बोगदा. रुंदी ११ मी., उंची ८ मी., वर साधारण ९० मी. खडक. ड्रिल-ब्लास्ट (होल मारून बारूद उडवायची), दोन बूमचा हायड्रॉलिक जंबो (होल मारणारं यंत्र). बोगदा १:४० ने चढतोय. खडक घट्ट काळा बेसॉल्ट, कोअरची ताकद १२० ते १६० मेगापास्कल. उभ्या बोअरहोलमध्ये आरक्यूडी (१० सेंमीहून लांब कोअर-तुकड्यांची टक्केवारी) ८०-८५ आलेला, त्यावरून डिझाइनमध्ये क्यू (खडकाच्या दर्जाचा आकडा) १२-१३ धरलाय.

आता क्राउनच्या (छताच्या) डाव्या अर्ध्यात लाल बोल (दोन लाव्हाथरांमधला मातकट थर) प्रोफाइलच्या, म्हणजे खोदायच्या आकाराच्या, आत उतरलाय, जाडी ०.८ ते १.२ मी. उजवीकडे तो अजून थोडा वर आहे. क्राउनचा ओव्हरब्रेक (ठरलेल्या रेषेपलीकडे तुटलेला दगड) ६० ते ९० सेंमी. काही ठिकाणी उभ्या सांध्यांमधले बेसॉल्टचे खांब सुटे होऊन बोलच्या तळापर्यंत सगळं खाली आलंय. बोलला पाणी लागलं की तासाभरात लगदा होतो.

ड्रिलिंग: ४५ मिमी बिट, ३.८ मी. खोल, समांतर होलांचा कट (फेसचा आधी उडवायचा मधला भाग), मध्ये ८९ मिमीचं एकच रिकामं रीमर होल. पुल (एका स्फोटात मिळणारी पुढची लांबी) २.८ ते ३ मी. च्या पुढे जात नाही, सॉकेट (होलांचे न तुटलेले बुडखे) राहतात. पेरिमीटर (कडेची) होल ७० सेंमीवर, बारूदीच्या ३२ मिमी कांड्या. बोल्ट २५ मिमी, ४ मी., सिमेंट ग्राउटचे.

प्रोब होल (पुढचा खडक चाचपायचं) २४ मी. चं, फेसच्या (खोदाईच्या पुढच्या भिंतीच्या) मध्यातून बोगद्याला समांतर मारतो. त्यात शेवटपर्यंत काळा दगडच लागला, आणि बोल मात्र डोक्यावर आला.

तीन गोष्टी हव्यात. (१) या फेसला क्यू किती द्यायचा? (२) पुल का अडकलाय? (३) जंबोत प्रत्येक होलचा ड्रिलिंग-लॉग साठतो (वेग, फीड, रोटेशन, पाणी). एम.टेक.च्या प्रबंधात त्यावरून बोल आधीच ओळखायचं मॉडेल करायचंय. जमण्यासारखं आहे का?

---

कोअरबॉक्स

तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. डेक्कन ट्रॅपमध्ये लाव्हाचे थर जवळजवळ आडवे आणि थंड होताना पडलेले सांधे उभे. तुम्ही ज्या दिशेने भोक पाडता त्याच दिशेला समांतर असलेली गोष्ट तुम्हाला दिसत नाही.

उभ्या बोअरहोलला उभे सांधे सापडतच नाहीत. ५५ मिमीचं कोअर एका खांबाच्या पोटातून सरळ खाली जातं, १० सेंमीपेक्षा लांब तुकडे भरपूर मिळतात आणि आरक्यूडी ८५ येतो. बोगद्यात मात्र तेच सांधे प्रत्येक राउंडला (ड्रिल-ब्लास्टच्या फेरीला) क्राउनवर उघडे पडतात. म्हणून तपासणीच्या टप्प्यावर निदान काही होल ४५ ते ६० अंश तिरकी हवीत. तुमच्या समांतर प्रोब होलचंही तेच झालंय, फक्त उलट बाजूने: आडव्या थराला समांतर आडवं भोक. ते बोलच्या ४-५ मी. खालून सुरू होऊन शंभर मीटर गेलं तरी त्याला बोल भेटणार नाही.

बोगद्याच्या अक्षाशी १२ अंश वर, क्राउनजवळून, २४ मी. चं होल मारा. ते टोकाला ५ मी. वर पोचतं. एक डावीकडून, एक उजवीकडून. फ्लशिंगचं पाणी लाल झालं की खोली लिहून ठेवा. दोन्ही बाजूंच्या खोल्यांवरून बोलचा उतारही निघतो. पुढचं प्रोब होल आधीच्याशी ५-६ मी. ओव्हरलॅप ठेवून सुरू करा.

आता भूमिती. थर आडवा धरला तर १:४० च्या चढाला बोल दर ४० मीटरला १ मी. खाली सरकतो. म्हणजे १ मी. जाडीचा बोल क्राउन ओलांडायला ४० मी. घेईल, आणि क्राउनपासून इन्व्हर्टखाली (बोगद्याच्या तळाखाली) जायला ३२० मी. एवढा पट्टा वेगवेगळ्या तऱ्हेने त्रास देणार हे प्रोग्रॅममध्ये आत्ताच धरा. बोलचा वरचा पृष्ठभाग सपाट नसतो, त्यामुळे ±१५-२० मी. इकडेतिकडे होईल.

हाच हिशोब मागेही लावा. ज्या चेनेजला (बोगद्यातल्या अंतराच्या खुणेला) बोलचा तळ क्राउनच्या ३ ते ४ मी. वर होता, म्हणजे बोल शिरला त्या जागेच्या १२० ते १६० मी. मागे, तिथे तुमच्या ४ मीटरच्या बोल्टांची टोकं बोलमध्ये आहेत. खालचा ३ मीटरचा बेसॉल्ट बोल्टला धरून आहे खरा, पण बोल्ट वर कशालाच धरून नाही. २५ मिमीच्या ५०० ग्रेड सळईची यील्ड ताकद सुमारे २४५ किलोन्यूटन. त्या पट्ट्यातले काही बोल्ट १५ टनांपर्यंत ओढून बघा. फक्त एक ध्यानात ठेवा: पूर्ण ग्राउट केलेला बोल्ट पुल टेस्टला खालच्या खडकाच्या जोरावरही पास होतो. म्हणून कन्व्हर्जन्स पिन (बोगदा आत दबतोय का ते मोजणाऱ्या) आणि क्राउनचं एक्स्टेन्सोमीटर (खडकाच्या आतली हालचाल मोजणारं), त्यातला एक अँकर बोलच्या वर, हीच खरी परीक्षा.

नवीन बोल्टची लांबी अशी काढा: क्राउनपासून बोलचा तळ + बोलची जाडी + वरच्या पक्क्या बेसॉल्टमध्ये निदान १.५ मी. बोल १.५ मी. वर आणि १ मी. जाड असेल तर ४ मी. तिथेच संपले, वर प्लेटसाठी थोडं. म्हणजे ५ मी. घ्या.

क्यूबद्दल. सरासरी काढू नका, दोन वेगळे क्यू लिहा. सूत्र: (आरक्यूडी ÷ जेएन) × (जेआर ÷ जेए) × (पाणी ÷ एसआरएफ). जेएन सांधेसंचांचा आकडा, जेआर सांध्याच्या खरबरीतपणाचा, जेए सांध्यातल्या मातीचा, एसआरएफ खडकातल्या ताणाचा.

काळा बेसॉल्ट: आरक्यूडी ८०, तीन सांधेसंच म्हणून जेएन ९, खरबरीत सपाट म्हणून जेआर १.५, जेए १, कोरडा, एसआरएफ १. उत्तर १३.३. बार्टन, लीन आणि लुंडे यांच्या १९७४ च्या वर्गवारीत ‘चांगला’.

बोल: आरक्यूडी २०, जेएन ९, जेआर १ (चिकणमाती एवढी जाड की दोन्ही बाजूंचे दगड एकमेकांना टेकतच नाहीत), जेए १३, पाणी ०.६६, एसआरएफ २.५ (५० मी. हून खोल, चिकणमातीचा एकच पट्टा). उत्तर ०.०४५. ‘अत्यंत निकृष्ट’.

आधाराशिवाय राहणारा गाळा २ × ईएसआर × क्यूचा ०.४ घात. रस्त्याच्या बोगद्याला ईएसआर (वापरानुसार सुरक्षेचा गुणांक) १ धरला तर पहिल्यात ५.६ मी., दुसऱ्यात जेमतेम ५८ सेंमी. या दोन आकड्यांची सरासरी घेऊन कुठलाच सपोर्ट ठरत नाही. क्राउनला दुसरा क्यू, भिंतीला पहिला.

---

स्पायलिंग_कोकण

क्यूबाबत थोडी दुरुस्ती. अरुंद कमकुवत पट्ट्यासाठी लॉगरिदमिक सरासरीचं सूत्र वापरतात: पट्ट्याची जाडी मीटरमध्ये ब धरली तर, ब गुणिले पट्ट्याच्या क्यूचा लॉग, अधिक बाजूच्या खडकाच्या क्यूचा लॉग, भागिले (ब + १). इथे १ मी. जाडी धरून ०.७७ येतो, आणि कन्सल्टंट तेवढाच आकडा पुढे करतील. तुम्ही विचारा की पट्टा बोगद्याला आडवा कापतोय की डोक्यावरून सोबत चाललाय. सोबत चाललेल्या पट्ट्याला हे सूत्र लावणं मला तरी पटत नाही. आडव्या छेदणाऱ्या पट्ट्यात दोन्ही बाजूंचा चांगला खडक भार उचलतो. इथे ४० मी. लांबीत क्राउनला चांगला खडकच नाही.

सपोर्टचं म्हणाल तर राउंड अर्धा करा, १.५ ते २ मी. स्पायल (फेसच्या पुढे छतात तिरक्या रोवायच्या सळया) मारा: ३२ मिमीची सळई किंवा आर-३२ चे सेल्फ-ड्रिलिंग अँकर, ४ ते ६ मी. लांब, १० ते १५ अंश वर, ३०-४० सेंमीवर, डाव्या खांद्यापासून उजव्या खांद्यापर्यंत. स्पायलचं टोक बोल ओलांडून वरच्या बेसॉल्टमध्ये गेलंच पाहिजे, नाहीतर ते चिखलात रोवलेलं राहतं. मग लॅटिस गर्डर (सळयांची जाळीदार कमान) आणि फायबर शॉटक्रीट (तंतू घातलेलं फवारायचं काँक्रीट).

---

बूमर_तीन

पुलचं उत्तर सोपं आहे आणि त्यात बोलचा काही दोष नाही. एका रिकाम्या होलच्या समांतर कटमध्ये ९५ टक्के पुल देणारी खोली = ०.१५ + ३४.१ × व्यास − ३९.४ × व्यासाचा वर्ग, सगळं मीटरमध्ये. ८९ मिमीला हे २.८७ मी. येतं. तुम्ही ३.८ मारताय आणि २.८ ते ३ मिळतंय. उरलेला पाऊण-एक मीटर ड्रिलिंग आणि बारूद दोन्ही वाया.

एकच १०२ मिमीचं होल केलं तर ३.२ मी. दोन १०२ मिमीची होल घेतली तर समतुल्य व्यास १४४ मिमी आणि खोली ४.२ मी. म्हणजे काळ्या दगडात ३.८ चाच राउंड हवा असेल तर दोन १०२ ची. आधी ४५ ने पायलट होल, मग डोम रीमरने ते रुंद.

पहिला चौकोन: रिकाम्या होलच्या मध्यापासून पहिल्या चार्ज होलच्या मध्यापर्यंत व्यासाच्या दीडपटीपेक्षा जास्त नको. ८९ ला १३ सेंमी, १०२ ला १५. ३.८ मी. त होल २ टक्के वाकडं गेलं तरी टोकाला ७-८ सेंमी सरकतं, म्हणजे १३ च्या जागी २० किंवा ५. वीस झालं तर तुटत नाही. पाच झालं तर शेजारचं होल वेळेआधी उडतं किंवा त्यातली बारूद दाबली जाऊन मरते. त्यामुळे कटची होल मारताना बूम घाईने फिरवायची नाही, फीड टोकाला दगडात घट्ट टेकवूनच कॉलर करायचं (होल सुरू करायचं).

कटमधल्या सलग दोन होलांच्या मध्ये निदान ७५ मिलिसेकंद द्या. तुटलेला दगड बाहेर फेकला जायच्या आत पुढचं होल उडालं की कट जागच्या जागी गोठतो. आणि प्रत्येक राउंडला कटची जागा डावी-उजवी बदला. जुन्या सॉकेटमध्ये किंवा त्याला चिकटून ड्रिल मारायचं नाही, आत न उडालेली बारूद असू शकते. सॉकेट धुऊन, तपासून, रंगाने खूण करून मगच मार्किंग.

ओव्हरब्रेक मात्र तुमच्या पेरिमीटर चार्जमुळे वाढलाय. ३२ मिमीच्या कांड्या सलग भरल्या की मीटरला सुमारे ०.९ किलो होतात. ४५ मिमी होलच्या स्मूथ ब्लास्टिंगला (कड न मोडता उडवायला) ९० × व्यासाचा (मीटरमध्ये) वर्ग, म्हणजे मीटरला ०.१८ किलो पुरते. तुम्ही पाचपट भरताय. २५ मिमीची सव्वाशे ग्रॅमची कांडी बांबूच्या कामटीवर मध्यापासून मध्यापर्यंत ७० सेंमीवर बांधा, सोबत १० ग्रॅमची डिटोनेटिंग कॉर्ड, तळाला एक पूर्ण कांडी. अंतर १५-१६ पट व्यास, म्हणजे ७० सेंमी, ते तुमचं बरोबर आहे. बर्डन (आतल्या ओळीपर्यंतचं अंतर) त्याच्या सव्वापट, ८५-९० सेंमी. पेरिमीटरच्या आतली ओळही हलकी करा, कारण बऱ्याचदा खांब हलवते ती आतली ओळच. लुकआउट (कडेच्या होलांचा बाहेरचा कल) ३ अंशांपेक्षा जास्त नको. ३.८ मी. ला तेवढ्यानेच टोकाला २० सेंमी बाहेर जातं.

बोलमध्ये पेरिमीटर चार्ज करूच नका. चिकणमाती बारूदीने तुटत नाही, नुसती फाटते आणि वरचा दगड सैल करते. बोलच्या खाली ३० सेंमीपर्यंत हलकं चार्ज, वरचं सगळं ब्रेकरने किंवा बकेटने ओरबाडून काढा.

---

स्पायलिंग_कोकण

> बोलमध्ये पेरिमीटर चार्ज करूच नका.

सहमत. पण ब्रेकरवाल्याला सांगा, खांबांच्या बुडाशी छिन्नी घालायची नाही. एक खांब निघाला की शेजारचे सुटतात.

---

पाईपरूफ_प्रेमी

स्पायलने भागेल असं वाटत नाही. ११ मी. रुंदी आणि क्यू ०.०४५ असेल तर ११४ मिमीचे पाईप, १२ मी. लांब, ४० सेंमीवर, ५ ते ७ अंश, ३ मी. ओव्हरलॅप. चाळीस मीटरला चार-पाच छत्र्या (पाईपांचे असे संच) होतील. महाग आहे, पण क्राउन कोसळल्यावर पोकळी भरण्यापेक्षा स्वस्तच.

---

कोअरबॉक्स

पाईप रूफची अडचण किंमत नाही, पाणी आहे. २५-२७ पाईप पाण्याच्या फ्लशिंगने बोलमधून मारले तर तुम्ही स्वतःच त्याचा लगदा करून ठेवता. मारायचेच असतील तर हवा आणि थोडं धुकं एवढ्यावर, आणि प्रत्येक पाईप लगेच ग्राउट. शिवाय १ मीटरच्या बोलमध्ये ५-७ अंशांचा पाईप ८-११ मी. पर्यंत आतच राहतो. स्पायल १५ अंशांत ४ मी. त १ मी. वर चढते आणि पलीकडचा दगड पकडते. मी इथे स्पायल आणि छोटा राउंडच घेईन. बोल २ मीटरहून जाड निघाला, किंवा वरचा दगडही चुरा निघाला, तर पाईप.

दुसरं, बोल पाणी अडवतो. वरच्या लाव्हाथराचा तळ बहुधा फुटका असतो आणि त्यात पाणी बोलवर साचून राहतं. आता क्राउन कोरडा दिसतोय तो बोलच्या कृपेने. चाळीस मीटरनंतर बोल क्राउनच्या खाली उतरला की तुम्ही त्या पाणथळ तळातच शिरणार, आणि लोक नेमके तिथेच ‘बोल संपला’ म्हणून राउंड पुन्हा पूर्ण करतात. तसं करू नका. आधीच ५१ मिमीची, ६ मीटरची ड्रेन होल वर मारा, आत जाळीदार पीव्हीसी पाईप आणि त्याला जिओटेक्स्टाइल, नाहीतर माती वाहून बाहेर येते आणि वर पोकळी राहते.

---

लॅबवाला_पुणे

बोलची तपासणी ‘लाल माती’ एवढ्यावर सोडू नका. सगळे बोल सारखे नसतात, काही भाजल्यासारखे कडक असतात.

स्लेक ड्युरेबिलिटी (पाण्यात किती टिकतो ते): ४० ते ६० ग्रॅमचे दहा गोळे, एकूण ४५० ते ५५० ग्रॅम, २ मिमी जाळीचा ड्रम, मिनिटाला २० फेरे, १० मिनिटं, मग १०५ अंशांवर सुकवून वजन. अशी दोन आवर्तनं. दुसऱ्यानंतर ३० टक्क्यांच्या खाली उरलं तर फेस उघडला की तास-दोन तासांत ५० मिमी शॉटक्रीटने झाकायलाच हवा. फ्री स्वेल (माती किती फुगते ते): ४२५ मायक्रॉनमधून चाळलेली प्रत्येकी १० ग्रॅम माती, एक नळी पाण्याची, एक केरोसीनची, २४ तास. पाण्यातलं आकारमान बरंच जास्त निघालं तर एक्सआरडी (खनिजांची क्ष-किरण तपासणी) करून स्मेक्टाइट (फुगणारी चिकणमाती) बघा, आणि जेए १३ वरून १५-२० कडे न्या.

नमुना ट्रिपल ट्यूब बॅरलने, अर्ध्या मीटरच्या रनने. बाहेर आला की लगेच क्लिंग फिल्म आणि मेण. कोअर बॉक्समध्ये उन्हात दोन दिवस पडलेल्या बोलवर केलेली कुठलीही चाचणी फुकट. जुन्या लॉगमध्ये दोन काळ्या दगडांच्या मध्ये ‘कोअर लॉस ०.६ मी.’ असं कुठे लिहिलंय का बघा. ट्रॅपमध्ये ती जागा उलट सिद्ध होईपर्यंत बोलच समजा.

शॉटक्रीटआधी पृष्ठभाग हवेने साफ करा, पाण्याने नाही. मांजऱ्याकडेही (पोकळ्यांत खनिजं भरलेल्या बेसॉल्टकडेही) लक्ष असू द्या. त्यात सांधे कमी म्हणून बोगद्याला तो काळ्या दगडापेक्षा बरा, पण पोकळ्यांत आणि मूळ दगडात स्मेक्टाइट असेल तर उघडा पडल्यावर काही आठवड्यांत तडकतो. लेसोथोच्या पाणी-बोगद्यात बेसॉल्टच्या याच सवयीमुळे अस्तर नसलेले भागही शेवटी काँक्रीटने मढवावे लागले.

---

एमडब्ल्यूडी_अभ्यासक

तिसरा प्रश्न. जमतं, पण फेसच्या होलांवर मॉडेल बांधलंत तर कोअरबॉक्स म्हणतात तोच सापळा. फेसची होल बोलला समांतर. पेरिमीटरचीही टोकाला २० सेंमीच वर बघतात. तुमच्याकडे त्याहून चांगला डेटा पडून आहे: बोल्टची होल. तीही जंबोनेच मारता, ती त्रिज्येच्या दिशेने ४-५ मी. वर जातात आणि बोलला जवळजवळ काटकोनात छेदतात. बऱ्याच साइटवर बोल्टिंगच्या वेळी लॉगिंग बंद ठेवतात. आधी ते सुरू करा. दर राउंडला १०-१२ उभे छेद फुकट मिळतील, आणि १:४० च्या चढाला बोलचा तळ क्राउनच्या ४ मी. वर असताना, म्हणजे १६० मी. आधीपासून दिसू लागेल.

सिग्नल ओळखायचा असा. बोलमध्ये वेग एकदम वाढतो, फीडचा दाब पडतो, आणि थोड्याच सेंमीत माती बिटच्या भोकांत बसून पाण्याचा दाब वाढतो, प्रवाह घटतो, रोटेशनचा दाब चढतो. उघड्या सांध्यातही वेग उडी मारतो, पण पाण्याचा दाब पडतो आणि रोटेशन झटके देतं. मांजऱ्यात वेग जास्त पण सगळं शांत. म्हणजे वेगावरून बोल आणि उघडा सांधा वेगळे निघत नाहीत, पाण्यावरून निघतात. पाण्याचा सेन्सर बिघडलेला असेल तर प्रबंध तिथेच थांबतो.

कच्चा वेग थेट वापरू नका. पहिले ३०-५० सेंमी कॉलरिंगचे, टाका. खोलीनुसार वेग आपोआप घटतो, तो कल वजा करा. अँटी-जॅम लागल्यावर यंत्र स्वतःच फीड मागे घेतं, त्या नोंदींना वेगळी खूण. बिटचा हिशोब ठेवा: बटणाचा (बिटवरच्या कठीण दाण्याचा) सपाट भाग बटणाच्या व्यासाच्या एक तृतीयांशाला पोचला की घासायला द्यायचं, आणि कुठलं बिट किती मीटर चाललं हे लॉगला जोडायचं. नाहीतर मॉडेल खडक न शिकता बिटचं वय शिकेल.

टील यांची १९६५ ची विशिष्ट ऊर्जा (घनमीटर खडक फोडायला लागणारी) रोटरी ड्रिलिंगसाठी आहे. टॉप-हॅमरला (जंबोसारख्या, रॉडवर आघात करणाऱ्या ड्रिलला) आघाताची शक्ती भागिले (होलचं क्षेत्रफळ × वेग) एवढंही पुरतं. २० किलोवॉटचा हॅमर, ४५ मिमी होल, मिनिटाला २ मी.: घनमीटरला ३७७ मेगाज्यूल. रॉडमधून होणारा नाश धरायचा असेल तर एखादा गुणांक लावा, पण तो सगळीकडे एकच ठेवा.

आणि एक. मॉडेल शिकवायचा आणि तपासायचा डेटा (ट्रेन-टेस्ट) होलनुसार यादृच्छिक वाटू नका. एकाच राउंडची शेजारची दोन होल म्हणजे जवळपास तोच दगड, अचूकता ९५ टक्के दिसते आणि पुढच्या चेनेजला कोसळते. चेनेजचे सलग तुकडे पाडा, मध्ये २०-३० मी. सोडून द्या. बोलच्या नोंदी एकूणात फार थोड्या असतील, म्हणून अचूकतेऐवजी ‘किती बोल चुकले’ हा आकडा मांडा.

---

फेसमॅपर_घाटमाथा

सर्वांचे आभार. उद्यापासून बोल्ट होलचं लॉगिंग सुरू, आणि रीमर १०२ ची दोन. एक शंका राहिली: बोल भिंतीत उतरल्यावर २८० मी. पर्यंत भिंतीतच राहणार. तिथेही स्पायल?

---

स्पायलिंग_कोकण

भिंतीत स्पायल नको. तिथे प्रश्न वेगळा: बोल भिजून बाहेर येतो आणि त्याच्यावरचे खांब अधांतरी होतात. बोलच्या वर आणि खाली अर्ध्या मीटरवर बोल्टची एकेक ओळ, वरची १०-१५ अंश वर झुकलेली, मध्ये जाळी किंवा फायबर शॉटक्रीट १०० मिमी, त्याच दिवशी. थराच्या माथ्यावर दर ३ मीटरला ड्रेन होल. आणि बोल इन्व्हर्टला पोचायच्या ४०-५० मी. आधीच १५० मिमी काँक्रीट आणि बाजूचं गटार तयार ठेवा, कारण डंपरच्या चाकांखाली बोल आला की पहिल्या पाळीतच रस्त्याचा चिखल होतो आणि मकिंगचा (फुटलेला दगड उपसण्याचा) वेळ दुप्पट.